गाठीतून चुना निघाला. फॉस्फरस फाईलमध्येच होता

कृष्णाकाठची | ४ जून, रात्री १०.४०

लेकीच्या आजाराबद्दल मराठीत काही वाचायला मिळतं का म्हणून मी दोन वर्षं शोधत होते. मिळालं नाही. म्हणून मीच लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

लेक आता तेरा वर्षांची आहे. दहाव्या वर्षी तिच्या उजव्या खुब्यावर, बाहेरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ आली. ताप नाही, दुखणं नाही. उजव्या कुशीवर झोपलं की टोचायची, म्हणून ती डाव्या कुशीवर झोपायला लागली, एवढंच. एक्स-रेमध्ये ढगांचे पुंजके असावेत तसं पांढरं पांढरं दिसलं. आमच्या भागातल्या एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, "थंड गळू आहे, टीबीचं. जुनं आहे म्हणून कॅल्शियम साचलंय." मांटू (टीबीची कातडीवरची चाचणी) पॉझिटिव्ह आली होती, त्यामुळे आम्हालाही पटलं. सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं झाली. पोरीची लघवी नारिंगी, तोंडाची चव गेली, आणि लिंबाची मोसंबी झाली.

मग ऑपरेशन. सर्जन बाहेर आले आणि स्टीलचा ट्रे दाखवला. आत पांढरं, दाट, कडेने पाणी सुटलेलं. माझ्या सासूबाई शेजारी पानाची चंची घेऊन बसल्या होत्या. त्या वाकून बघून म्हणाल्या, "ह्यो तर चुना." खरंच, डबीतला खायचा चुना असतो ना, अगदी तसं. बायोप्सीत टीबी नाही, कॅन्सर नाही. कागदावर लिहून आलं 'ट्युमोरल कॅल्सिनोसिस'. "काढलंय सगळं, विषय संपला," असं सांगून घरी सोडलं.

विषय कसला संपतोय! टाक्यांतून अडीच महिने पांढरं पाझरत होतं. रोज ड्रेसिंग. चौदा महिन्यांनी गाठ त्याच जागी परत, आणि डाव्या कोपराला एक नवी.

उलगडा झाला तो दातांच्या डॉक्टरांकडे. दाढ दुखत होती, रूट कॅनाल करायला घेतलं तर दाताच्या आतली पोकळीच सापडेना. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग विचारलं, "हिचं रक्तातलं फॉस्फरस कधी तपासलंय का?"

घरी येऊन फाईल उघडली. तपासलं होतं. ऑपरेशनच्या आधीच्या पॅकेजमध्ये, तिसऱ्या पानावर: फॉस्फरस ७.८, पुढे 'जास्त' अशी बारीक खूण. दोन वर्षं तो कागद आमच्या कपाटात होता. कॅल्शियम ९.६, म्हणजे नॉर्मल, म्हणून पुढे कुणी पाहिलंच नाही. मीही नाही.

आता पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, उपचार चालू आहेत. निदान पक्कं झालंय. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं सांगते.


मीठभाकर | ४ जून, रात्री ११.१५

वाचून काटा आला. पण ताई, कॅल्शियम साचतंय तर कॅल्शियमच बंद करायचं ना? दूध, नाचणी वगैरे?


कृष्णाकाठची | ४ जून, रात्री ११.२२

हाच प्रश्न मी डॉक्टरांना पहिल्या भेटीत विचारला होता. ते म्हणाले, भिंतीला ओल आली म्हणून भिंत दोषी नसते, नळ कुठे गळतोय ते बघायचं. आमचा नळ फॉस्फरसचा. दूध कमी केलंय, पण त्याचं कारणही फॉस्फरसच.


एंडोवाला | ५ जून, सकाळी ७.०५

याच विषयात काम करतो. नाव-गाव नको. ताईंनी छान मांडलंय, त्यामागचं यंत्र काय ते सांगतो.

आपली हाडं एक संप्रेरक सोडतात, एफजीएफ-२३. ते मूत्रपिंडाला सांगतं, 'जास्तीचं फॉस्फेट (म्हणजे शरीरातलं फॉस्फरसच) लघवीवाटे टाकून दे.' हा निरोप पोचला नाही तर मूत्रपिंड फॉस्फेट धरून ठेवतं, रक्तात ते वाढतं, आणि कॅल्शियम नॉर्मल असूनही दोघं मिळून सांध्यांभोवती बसतात. खुबा, खांदा, कोपर, म्हणजे जिथे सतत घासणं-दाबणं होतं तिथे. शिवाय एफजीएफ-२३ सक्रिय ड जीवनसत्त्वाला लगाम घालतं. तो लगाम सुटला की आतडं आणखी फॉस्फेट ओढून घेतं. दुहेरी मार.

निरोप न पोचायची तीन जनुकीय कारणं माहीत आहेत. एक, एफजीएफ-२३ चं जनुकच बिघडलेलं. दोन, जीएएलएनटी-३ हे जनुक बिघडलेलं. त्याचं काम एफजीएफ-२३ वर साखरेचा लेप चढवणं. लेप नसला की संप्रेरक वाटेतच तुटतं. सर्वाधिक रुग्ण याच गटातले. तीन, क्लोथो. हा निरोप घेणाऱ्याच्या दारावरची कडी समजा. कडीच नाही तर पोस्टमन काय करणार? (क्लोथो हे ग्रीक पुराणातल्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या देवीचं नाव. धाग्यावर लिहितोय म्हणून सांगितलं.)

आजाराला 'ट्युमोरल कॅल्सिनोसिस' हे नाव क्यूबाच्या इन्क्लान यांनी १९४३ साली दिलं. नावात ट्यूमर असला तरी हा कॅन्सर नाही. जीएएलएनटी-३ चा संबंध २००४ मध्ये कळला, म्हणजे साठ वर्षं लोक नुसत्या गाठी कापत होते. मुळावर घाव नाही, त्यामुळे पुन्हा यायच्या. अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच चालतं.


शंकेखोर | ५ जून, सकाळी ९.३०

पण फॉस्फरस तर किडनी खराब झाली तरी वाढतं. माझे सासरे डायलिसिसवर आहेत, त्यांचं सहाच्या वर असतं. मग हा दुर्मीळ आजार कशावरून?


एंडोवाला | ५ जून, दुपारी १.५०

अगदी बरोबर शंका. डायलिसिसच्या रुग्णांनाही अशाच गाठी येऊ शकतात. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी तपासणी, आधी. ते नॉर्मल असेल तर मूत्रपिंड धडधाकट असूनही फॉस्फेट का टाकत नाही, हे शोधायचं. ड जीवनसत्त्वाची भारी इंजेक्शनं झालीत का, तेही विचारायचं. आपल्याकडे ती सांधेदुखीसाठी सर्रास देतात.

शोधायची पद्धत फार महाग नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त आणि त्याच वेळची लघवी. दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन. लघवीतलं फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन. समजा लघवीत फॉस्फरस ६० आणि क्रिएटिनिन ९०, रक्तात फॉस्फरस ७.८ आणि क्रिएटिनिन ०.५. म्हणजे ३० भागिले ७०२, साधारण ४ टक्के. गाळलेल्या फॉस्फेटपैकी फक्त ४ टक्के बाहेर जातंय, ९६ टक्के परत आत. रक्तात एवढा साठा असताना मूत्रपिंडाने सढळ हाताने टाकायला हवं होतं. इथेच चोर सापडतो.

रक्त काढताना नमुना फुटला, म्हणजे पेशी फुटून तांबूस झाला, तर फॉस्फरस खोटं वाढलेलं दिसतं. एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा करून घ्या.


कृष्णाकाठची | ५ जून, रात्री ९.१०

आमच्याकडेही असंच गणित मांडलं होतं डॉक्टरांनी, प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर. पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) १४, म्हणजे खालच्या काठाला. एफजीएफ-२३ ची तपासणी दोन प्रकारची असते. अखंड संप्रेरक मोजलं तर कमी, आणि तुकडेसुद्धा धरून मोजलं तर भरमसाट. हाडं बिचारी पाठवतायत भरपूर, पोचतंय सगळं फाटून. मग जनुकीय तपासणी. जीएएलएनटी-३ च निघालं, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमध्ये तीच चूक.

दोन्हींत तीच का, त्याबद्दल नंतर लिहीन. आज नको.


दातकोरू | ६ जून, दुपारी १२.२०

दंतवैद्य आहे, त्यामुळे त्या दातांच्या डॉक्टरांना सलाम ठोकतो. या आजारात दातांच्या आतली पोकळी खड्यांनी भरून जाते, मुळं आखूड आणि कंदासारखी फुगीर होतात. बाहेरून दात दिसायला उत्तम, पांढरेशुभ्र. गाठ यायच्या आधी दात बोलतात, पण ऐकायला एक्स-रे लागतो. एखाद्या लहान मुलाच्या सगळ्याच दातांत असं दिसलं तर 'विचित्र आहे' म्हणून सोडून देऊ नका. आम्हा लोकांना फॉस्फरस लिहून द्यायची सवय नाही, ही आमची चूक.


निसर्गोपासक | ६ जून, दुपारी ४.००

गाठी विरघळवणारे काढे आहेत आपल्याकडे. सोबत शंखभस्म, प्रवाळ. उगाच पोरीला केमिकल कशाला?


एंडोवाला | ६ जून, दुपारी ४.३५

शंखभस्म आणि प्रवाळ हे कॅल्शियमच आहे हो. घराला आग लागली असताना लाकडं पाठवताय.


मीठभाकर | ६ जून, दुपारी ४.४१

😄 +१


सांजवात | ७ जून, रात्री ८.१५

धाग्याशी संबंध आहे का माहीत नाही. माझ्या आईला, वय ५८, दोन वर्षांपासून फिट येतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत दोन्ही बाजूंना सारखं कॅल्शियम साचलंय असं आलं. रिपोर्टमध्ये 'फार सिंड्रोम?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय. औषध नाही म्हणाले, फक्त फिटच्या गोळ्या. कुणाला माहिती आहे?


एंडोवाला | ७ जून, रात्री ८.५०

तीन प्रश्न. आईंच्या मानेवर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे का? हातापायांना मुंग्या, पेटके येतात का? कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच कधी तपासलंय का?


सांजवात | ७ जून, रात्री ९.०५

थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, मी शाळेत होते तेव्हा. मुंग्या तर कायमच, "बी-१२ कमी असेल" म्हणत आलो. आणि हो, परवा नर्सने बीपी मोजायला पट्टा फुगवला तेव्हा आईचा हात वाकडा झाला, बोटं पक्ष्याच्या चोचीसारखी जुळली. आम्हाला वाटलं घाबरली.


एंडोवाला | ७ जून, रात्री ९.१२

उद्याच सकाळी तपासण्या करून घ्या, मॅग्नेशियमही. पट्ट्याने हात वळणं ही कॅल्शियम खूप उतरल्याची जुनी खूण आहे. थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निघाल्या किंवा दुखावल्या, तर वर्षानुवर्षं कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त राहतं. ते मेंदूत जाऊन बसतं, डोळ्यात मोतीबिंदू आणतं. मेंदूत कॅल्शियम साचवणारा जनुकीय 'फार' आजार वेगळा, त्याचं लेबल ही शक्यता खोडून काढल्यावरच लावायचं. श्वास अडकला, आवाज बसला किंवा फिट थांबेना, तर सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी.


बोस्टनचा बंड्या | ८ जून, सकाळी ६.३०

गंमत बघा, आमच्या घरी नेमकं उलटं. मुलाला एक्सएलएच आहे, म्हणजे एफजीएफ-२३ जास्त. फॉस्फेट सगळं लघवीत वाहून जातं, पाय धनुष्यासारखे वाकले होते. त्याला एफजीएफ-२३ ला अडवणारं बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन मिळतं. तुमच्याकडे कमी पडतंय त्याच गोष्टीला आम्ही पैसे देऊन थांबवतोय. कमी पडणाऱ्यांसाठी बाहेरून द्यायचं एफजीएफ-२३ नाही का?


एंडोवाला | ८ जून, सकाळी ७.४०

औषध म्हणून बाजारात नाही. म्हणून सगळा खेळ फॉस्फेट आत येऊ न देण्याचा आणि बाहेर घालवण्याचा. काही रुग्णांमध्ये गाठीभोवती सूज-ताप-वेदना फार असते, हाडांवर थर चढून ऑस्टिओमायलायटिससारखं (हाडातल्या जंतुसंसर्गासारखं) चित्र दिसतं. अशा मोजक्यांना आयएल-१ या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं देऊन पाहिली आहेत. पण तो पुढचा टप्पा.


कृष्णाकाठची | ८ जून, रात्री १०.००

उपचाराबद्दल तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) केलेत, इथेच लिहिते.

पहिली सेव्हेलामर. भली मोठी गोळी, न चावता गिळायची, आणि जेवतानाच. आधी नाही, नंतर नाही. अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच पकडून ठेवते, ते शौचावाटे जातं. शाळेत डबा खाताना घ्यावी लागते म्हणून वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिलीय. पोट गच्च होतं, पहिले पंधरा दिवस फार रडली.

दुसरी ॲसिटाझोलामाइड. ही खरं तर काचबिंदूवाल्यांची गोळी, लघवीतून फॉस्फेट जास्त जावं म्हणून दिलीय. केमिस्टने विचारलं, "आजीसाठी का?" बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासत राहावं लागतं, मुतखडा होऊ नये म्हणून पाणी भरपूर. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. ड जीवनसत्त्वाचे आठवड्याचे सॅशे कुणीतरी सुरू केले होते, ते पहिल्याच दिवशी बंद झाले. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायला सांगितलाय.

खाणं. यात मी आधी फार घोळ घातला. डाळ बंद, ज्वारी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, पोरगी नुसत्या भातावर आली. आहारतज्ज्ञ बाईंनी झापलं. धान्य-डाळींमधलं निम्म्याहून अधिक फॉस्फरस आपल्याला पचतच नाही, दुधामांसातलं त्याहून जास्त लागतं, आणि कारखान्यात मिसळलेलं जवळजवळ सगळं. म्हणजे वरणापेक्षा चीजची चकती वाईट! तेव्हापासून दुकानात उभी राहून पाकिटाची मागची बाजू वाचते. आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक) ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ दिसलं की ठेवून द्यायचं. ३३८ म्हणजे फॉस्फरिक ॲसिड, काळ्या कोल्ड्रिंकमध्ये असतं. बेकरीच्या केकमध्ये, चीजमध्ये, फ्रोझन नगेट्समध्ये बाकीचे. वाढदिवसाला केक नाही, पुरणपोळी. तेवढीही मोजून, गोळीसकट.

आकडा ७.८ वरून चार महिन्यांत ५.९ वर आलाय. खुब्यावरची गाठ वाढायची थांबलीय, थोडी मऊही वाटते. गेलेली नाही. कोपराची गाठ नसेजवळ आहे, करंगळी बधिर होते, म्हणून ती काढावी लागेल. पण आकडा अजून उतरल्यावर.


लेकुरवाळी | ९ जून, सकाळी ११.००

धाकटं भावंड आहे का? त्याची तपासणी?


कृष्णाकाठची | ९ जून, दुपारी ३.२०

आहे, सात वर्षांचा मुलगा. त्याचं ५.१ आलं, पुढे तीच 'जास्त' अशी खूण. मी लॅबमध्येच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, कागदावर छापलेली २.५ ते ४.५ ही मर्यादा मोठ्या माणसांची. वाढत्या मुलांचं जास्तच असतं, ५.१ त्याच्या वयाला ठीक आहे. लेकीच्या वेळी खरी खूण कुणी बघितली नाही, लेकाच्या वेळी खोट्या खुणेने रात्रभर झोप नाही.


एक प्रवासी | ९ जून, रात्री ७.४५

खर्चाचं कसं जमवलंत? दुर्मीळ आजारांसाठी सरकारी मदत असते ना?


एंडोवाला | ९ जून, रात्री ८.३०

२०२१ चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे, त्यात ठरलेल्या आजारांना नेमलेल्या केंद्रांमार्फत मदत मिळते. मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. आपला आजार यादीत बसतो का, ते तिथल्या जनुकीय विभागात फाईल घेऊन जाऊन विचारावं. समुपदेशनासाठी तरी जाच. ताईंना ते लागेल असं त्यांच्या ५ तारखेच्या शेवटच्या ओळीवरून वाटलं.


सांजवात | १० जून, संध्याकाळी ६.१०

आईचं कॅल्शियम ६.१, फॉस्फरस ६.८, पीटीएच जवळजवळ नाहीच. ॲडमिट केलंय, शिरेतून कॅल्शियम चालू आहे. पुढे गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल (सक्रिय ड जीवनसत्त्व) आयुष्यभर म्हणाले. मेंदूतलं साचलेलं तसंच राहील, पण फिट आटोक्यात येतील. काही फिटच्या गोळ्यांनी कॅल्शियम आणखी उतरतं म्हणे, त्याही बदलल्या. आज दुपारी आईने विचारलं, "माझ्या मुंग्या कुठं गेल्या?" काय लिहू. आभार.


मीठभाकर | १० जून, संध्याकाळी ६.३०

एकाच धाग्यावर एकीला ड बंद, दुसरीला कॅल्शियम शिरेतून आणि ड आयुष्यभर. साचतंय दोघींच्यातही. बापरे.


कृष्णाकाठची | १२ जून, रात्री ११.३०

सांजवात, आईंना सांभाळा.

दोन्ही प्रतींत तीच चूक का, ते लिहायचं राहिलं होतं. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. मला आत्याच्या घरात दिलंय. आमच्याकडे मामाची पोरगी करायची पद्धतच आहे, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "नात्यात लग्न आहे का?" आणि कागदावर झाड काढायला घेतलं. आजोबा-आजीपाशी दोन फांद्या फुटल्या, एक माझ्या वडिलांची, एक आत्याची, आणि दोन्ही खाली येऊन लेकीच्या गोलात मिळाल्या. तो गोल त्यांनी काळा भरला. आम्ही दोघंही वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेली, आम्हाला काहीच त्रास नाही. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता.

आत्या सगळं ऐकत होती. एसटीत इस्लामपूरपर्यंत गप्प. उतरताना म्हणाली, "माझ्याच माहेरातनं आलं व्हय गं हे पोरीला?" मी म्हटलं, माझंही तेच माहेर आहे आत्या.

काल हट्टाने तिने स्वतःचं फॉस्फरस तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, वाहकाचं बहुधा नॉर्मलच येतं, गरज नाही. तरी गेली. ३.६ आलं. तिला वाचता येत नाही, पण लेकीने बोट ठेवून आकडा दाखवला आणि पुढे कसलीही खूण नाही हेही दाखवलं. तो कागद आता चारपदरी घडी करून चंचीत आहे, चुन्याच्या डबीखाली.